आईवडिलांनी परत जाण्याचा पुरावा किती वेळा द्यायचा?

मुलीच्या बाळंतपणाला आईने येणे आणि सोबत वडिलांनीही चार दिवस नातवंडाजवळ राहणे, यापेक्षा साधी अपेक्षा कोणत्या घरात असते? पण मुलगी जर्मनीत राहत असेल आणि आईवडील भारतीय पारपत्रावर प्रवास करत असतील, तर या साध्या अपेक्षेचे रूपांतर एका दीर्घ चौकशीत होते, आणि त्या चौकशीत प्रत्येक टप्प्यावर सत्तरीच्या दोन माणसांना एकच गोष्ट सिद्ध करावी लागते, ती म्हणजे आम्ही परत जाऊ. ज्यांना एक दिवसही जास्त राहायचे नाही, त्यांच्याकडून हे वदवून घेणाऱ्या व्यवस्थेचा मला मनस्वी संताप आलेला आहे.

शेंगेन व्हिसाचे, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, नियम मला पाठ झालेले आहेत. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करायचा, शुल्क माणशी ९० युरो, जे ११ जून २०२४ पूर्वी ८० होते आणि नकार आला तरी परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत, पण गरज वाटल्यास तो ४५ दिवसांपर्यंत लांबवता येतो. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही, बारा वर्षांखालील मुलांना निम्मे आहे, मात्र वृद्धांना कसलीही सवलत नाही. हे सगळे मी मान्य करते, कारण प्रत्येक देशाला आपल्या सीमेचे नियम ठरवण्याचा अधिकार आहे. माझा राग नियम असण्यावर नाही, तो त्या नियमांच्या मुळाशी असलेल्या संशयावर आहे. अर्ज तपासणाऱ्याने आधीच असे गृहीत धरलेले असते की हा माणूस परत जाणार नाही, आणि ते गृहीतक खोडून काढण्याची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची असते. नकाराच्या छापील नमुन्यात त्यासाठी एक स्वतंत्र चौकोन आहे, आणि मुदत संपण्यापूर्वी निघून जाण्याच्या तुमच्या हेतूबद्दल वाजवी शंका आहे, एवढ्या एका वाक्यावर खूण केली की काम भागते.

माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना निवृत्तिवेतन आहे, स्वतःचे घर आहे, थोडी शेती आहे, आणि शेजाऱ्यांपासून नातेवाइकांपर्यंत पन्नास वर्षांत जोडलेली माणसे आहेत. यातली माणसे कागदावर दाखवता येत नाहीत, म्हणून मग बँकेची खातेपुस्तिका, आयकर विवरणपत्रे, निवृत्तिवेतनाचा आदेश, घराची मिळकतपत्रिका आणि सातबारा उतारा गोळा करायचा, आणि तो उतारा मराठीत असतो म्हणून त्याचे प्रमाणित भाषांतर करून घ्यायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना दाखले देणाऱ्या माणसाने म्हातारपणी आपण आपल्या घरी परत जाऊ याचा दाखला जमवत तलाठी कार्यालयात उभे राहायचे. मी दूरध्वनीवर त्यांना कागदांची यादी वाचून दाखवत असे, आणि ते एकदाही चिडले नाहीत. त्यांच्या वाट्याचे चिडणे मीच करते आहे.

नावांचा प्रश्न तर आपल्या मराठी घरांसाठी स्वतंत्र शिक्षाच आहे. माझा जन्म आजोळी झाला, नगरपालिकेत नोंद करायला मामा गेले आणि त्यांनी आईचे माहेरचे नाव सांगितले. लग्नात आईचे पहिले नाव बदलले होते, त्यामुळे तिच्या पारपत्रावर दुसरेच नाव आहे. माझ्या जुन्या पारपत्रात मधले नाव वडिलांचे होते, लग्नानंतरच्या पारपत्रात ते नवऱ्याचे झाले आणि आडनावही बदलले. म्हणजे जन्मदाखल्यावरची आई, पारपत्रावरची आई, जन्मदाखल्यावरची मुलगी आणि निमंत्रण देणारी मुलगी या चार नावांच्या दोनच बायका आहेत, हे सिद्ध करण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, नोटरीसमोरचे प्रतिज्ञापत्र, त्यांची भाषांतरे आणि माझे खुलाशाचे पत्र एवढा कागद लागला. ज्या व्हिसा केंद्रात महाराष्ट्रातील लोकांचे अर्ज रोज घेतले जातात, तिथल्या कर्मचाऱ्याला लग्नानंतर बाईचे नाव बदलण्याची आपल्याकडची पद्धत ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. तरीही माझ्या आईला, तुम्ही हिची आई आहात कशावरून, असे खिडकीपलीकडून विचारले गेले. पोटातल्या नातवंडासाठी कपडे शिवून पिशवीत भरून ठेवलेल्या बाईला हा प्रश्न विचारला गेला, हे मी विसरणार नाही.

त्यात घर बदलण्याची वेळ आली. आमच्या घरमालकाला घर स्वतःच्या मुलासाठी हवे होते, आणि जर्मन कायद्याने त्याला तो अधिकार आहे, म्हणून त्याने रीतसर तीन महिन्यांची सूचना दिली. भाड्याचे घर शोधणे, पगाराच्या पावत्या आणि पतअहवाल घेऊन अनोळखी लोकांसमोर रांगेत उभे राहणे, तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत भरणे, आणि इथल्या कित्येक घरांप्रमाणे नव्या घरात ओटाही नसल्यामुळे स्वयंपाकघर शून्यातून उभारणे, हे सगळे गरोदरपणात करावे लागले. त्याबद्दल मला फार बोलायचे नाही, कारण ते कष्ट अंगमेहनतीचे होते आणि ते संपले.

न संपणारे कष्ट पत्त्याचे होते. पाहुण्यांचा खर्च यजमान उचलणार असेल, तर जर्मनीत त्याला परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन हमीपत्र द्यावे लागते. निवास कायद्याच्या कलम ६८ खालचे हे हमीपत्र २९ युरोंना मिळते आणि त्यावर सही केली की पाहुण्यांचे राहणे, खाणे, आजारपण या सगळ्यासाठी सरकारला जो काही खर्च येईल तो पाच वर्षांपर्यंत यजमानाकडून वसूल करता येतो. व्हिसासाठी हे पत्र सहा महिने चालते. मी ते वेळेत घेतले होते. पण त्यावर जुना पत्ता होता, आणि निमंत्रणावर, भाडेकरारावर, पगाराच्या पावतीवर आता नवा पत्ता येणार होता. केंद्रावर सांगण्यात आले की सर्व कागदांवरचा पत्ता जुळला पाहिजे. म्हणजे नवे हमीपत्र हवे. नवे घर दुसऱ्या जिल्ह्यात असल्यामुळे ते पत्र नव्या कार्यालयाने द्यायचे. नव्या कार्यालयाला आमची फाईल जुन्या कार्यालयाकडून यायला हवी. फाईल मागवण्यासाठी आधी नव्या पत्त्याची नोंदणी हवी. नोंदणीसाठी नव्या घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र हवे, आणि ते हातात असले तरी नगर कार्यालयाची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, हवी.

घर बदलल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करा, असे संघराज्याचा नोंदणी कायदा सांगतो आणि ती न केल्यास हजार युरोंपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे. पण त्या दोन आठवड्यांत कार्यालयाकडे भेटीची एकही वेळ शिल्लक नसते. नागरिकाने मुदत पाळायची, कार्यालयाने मात्र पाळायची नाही, ही कुठली न्यायबुद्धी? मी पहाटे उठून संगणकासमोर बसत असे, कारण रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात असे इथे सगळेच सांगतात. दिसणारी वेळ निवडून माहिती भरेपर्यंत ती दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असे. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून तर आपल्या पत्राची नोंद घेतली आहे, कृपया पुन्हा विचारणा करू नये, एवढेच स्वयंचलित उत्तर येई. समोर माणूस नाही, दूरध्वनी उचलला जात नाही, आणि दर आठवड्याला माझी प्रसूतीची तारीख एक आठवड्याने जवळ येते आहे. प्रसूतीपूर्वी सहा आठवडे स्त्रीने विश्रांती घ्यावी म्हणून याच देशाने कायद्याने रजा दिलेली आहे, आणि त्या रजेतला माझा बराचसा काळ याच देशाच्या कार्यालयांच्या दारात गेला.

तिकडे आईवडिलांना रात्रीच्या गाडीने प्रवास करून केंद्रावर जावे लागले, कारण बोटांचे ठसे प्रत्यक्षच द्यावे लागतात. ते ५९ महिने वापरता येतात, पण यापूर्वी ते दोघे आमच्याकडे आले होते त्याला त्याहून अधिक काळ लोटला होता. आईची बोटे आयुष्यभराच्या कामाने झिजलेली आहेत, त्यामुळे यंत्र ठसे घेईना, आणि तिला हात धुऊन, पुसून पुन्हापुन्हा बोटे टेकवायला लावले गेले. त्या वेळी तिथे कुणी आवाज चढवला नाही, हे मला तिने मुद्दाम सांगितले, जणू तेवढ्यानेही आपण उपकृत व्हायला हवे.

अर्ज नाकारला गेला असता तर काय, या विचाराने मी झोपत नव्हते. पूर्वी निदान त्याच वकिलातीकडे फेरविचाराचा विनामूल्य अर्ज करता येत असे. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद केली. आता नकार पटला नाही तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावायचा, नाहीतर पुन्हा शुल्क भरून पहिल्यापासून सुरुवात करायची. बाळंतपण न्यायालयाच्या तारखेची वाट पाहते काय?

व्हिसा मिळाला. तो मिळाला तेव्हा माझा मुलगा जन्मून तीन आठवडे झाले होते. ज्या दिवसांत मला आईची खरी गरज होती, ते दिवस निघून गेले होते. नवरा आणि शेजारची एक भली जर्मन बाई यांनी मला सांभाळले, आणि त्या शेजारणीचे ऋण मी कधी विसरणार नाही. पण ती शेजारीण हिवाळ्यात भारतात फिरायला जाते तेव्हा तिला घरबसल्या संगणकावर अर्ज करून ई-व्हिसा मिळतो, तोही तीस दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा, तिला हवा तसा. तिला कुणी विचारत नाही की तुमच्या नावावर जमीन किती आहे. तिच्या खर्चाबद्दल भारतातल्या कुणा माणसाला पाच वर्षांची हमी लिहून द्यावी लागत नाही. तिला ही वागणूक मिळते याचा मला आनंद आहे. माझ्या आईला तशी का मिळू नये, एवढेच मला विचारायचे आहे.

आणि कुणी असे म्हणू नये की मग आईवडिलांना कायमचे इकडेच घेऊन या. पहिली गोष्ट, त्यांना यायचे नाही. दुसरी गोष्ट, ते आणता येत नाही. १ मार्च २०२४ पासून कायद्यात कुशल कामगारांच्या आईवडिलांना सोबत राहू देण्याची तरतूद झाली, तेव्हा आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत आशा निर्माण झाली होती. पण ती सवलत ज्यांना त्या तारखेला किंवा त्यानंतर पहिल्यांदा असा निवास परवाना मिळाला त्यांच्यासाठीच आहे. जे त्याआधी आले, इथली भाषा शिकले, वर्षानुवर्षे कर आणि विम्याचे हप्ते भरत राहिले, त्यांना ती लागू नाही. नव्याने येणाऱ्यांना आकर्षित करायचे आणि आधीपासून राबणाऱ्यांना वगळायचे, हा अन्याय कायद्याच्या भाषेत इतक्या शांतपणे लिहिला आहे की वाचताना प्रथम लक्षातही येत नाही.

आईवडील आले, राहिले आणि ठरलेल्या तारखेला परत गेले. १८० दिवसांत ९० दिवस एवढीच कमाल मर्यादा असते, आणि त्यांना तर त्याहूनही कमी दिवस मिळाले होते, कारण अर्जात जी तिकिटे जोडली होती त्यांच्या हिशेबाने मुदत ठरली. त्या मुदतीतले सुरुवातीचे दिवस निर्णयाची वाट पाहण्यातच संपले. मुदत वाढवून मागायची तर असाधारण कारण लागते, आणि नातवंडाचा लळा हे असाधारण कारण नाही.

एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम शिथिल केले, म्हणून इथे पुष्कळ कौतुक झाले. तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले, तर पुढे दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. पण माझ्या आईवडिलांची आधीची भेट तीन वर्षांच्या बाहेर पडते, त्यामुळे ती जमेस धरली जात नाही. वेळेवर परत गेलेल्या माणसाची सचोटी तीन वर्षांनी शिळी होते काय? शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ये-जा यंत्रात नोंदवण्यास सुरुवात झाली आहे, आणि माझे आईवडील कोणत्या दिवशी आले व कोणत्या दिवशी गेले ते त्यांच्या चेहऱ्यासह आणि ठशांसह त्या यंत्रात आहे. पुढच्या वर्षी नातवाच्या वाढदिवसाला ते यायचे म्हणतात. तेव्हाही वडिलांना नवा सातबारा काढावा लागेल, मला नवे हमीपत्र घ्यावे लागेल, आणि ज्यांनी दोन्ही वेळा दिलेला शब्द पाळला त्यांना, तुम्ही परत जाल कशावरून, हेच पुन्हा विचारले जाईल.