हिल ऑफ गोल्डवर हरायचंच का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि आधीच कबूल करतो, एक टोला बरोबर बसलाय. तुमचं म्हणणं असं की रूनक्वेस्टमध्ये (फासे टाकून, आपापलं पात्र घेऊन टेबलाभोवती खेळायचा रोलप्लेइंग गेम) हीरोक्वेस्ट खेळताना कॅरॅक्टर देवाच्या जागी उभं राहून त्याचीच गोष्ट परत जगतं, मग मधेच वाट बदलू दिली तर ती क्वेस्ट कसली, जीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मी, प्लेअरचे लाड केले एवढंच.

लाडांचं खरंय. हिल ऑफ गोल्डच्या क्वेस्टच्या त्या सेशनला एकाचा रोल फसला (फासे वाईट पडले), त्याचं तोंड एवढंसं झालं म्हणून मी त्याला, गोष्टीत देव गमावतो ती आग ठेवू दिली, बदल्यात काहीच घेतलं नाही. पुढच्या वेळी सगळेच "मग मला पण" म्हणायला लागले. चूक माझीच.

पण देवाची गोष्ट एकदा ठरली की ठरली, हे नाही पटत. ग्लोरँथातलीच, म्हणजे रूनक्वेस्टच्या काल्पनिक जगातलीच, ही टेकडी घ्या ना. येल्मालियो हा प्रकाशाचा देव तिथे जातो, वादळाचा देव ऑरलँथ त्याला हरवून शस्त्रं काढून घेतो, मग झोराक झोरान हा ट्रोल लोकांचा युद्धदेव त्याची आग पळवतो, आणि तरी हा पठ्ठ्या अंधारात, थंडीत, रिकाम्या हातानं टिकून राहतो. येल्मालियोच्या भक्ताला तिथे हरायचंच असतं, पण त्याच टेकडीवर झोराक झोरानचा भक्त जिंकायला येतो! एकाच जागी दोन-तीन गोष्टी एकमेकींवर चढलेल्या आहेत आणि वाकवायला फट मिळते ती तिथेच.

दुसऱ्या एका प्लेअरनं काय केलं सांगतो. आग चोरणारा झोराक झोरान यायच्या आधीच तिनं आपली आग टेकडीच्या पायथ्याशी गारठून बसलेल्या एका पोराला देऊन टाकली. म्हणजे आग गेली ती गेलीच, गोष्टीचा सांगाडा तसाच राहिला, फक्त झोराक झोरानच्या हाती काही लागलं नाही आणि तो जाम भडकला. येल्मालियोच्या पंथात देवाच्या देणगीबरोबर बंधन येतंच, सो मी तिला एक नवं घातलं, यापुढे कुणाच्याही शेकोटीजवळ बसायचं नाही. रोल न करता मान्य केलं तिनं. याला लाड म्हणाल?

"रूल्समध्ये कुठंय हे" असं विचारलंत. अहो, १९७८ च्या रूनक्वेस्टमध्ये हीरोक्वेस्टचे रूल्स नव्हतेच, लोक आपापल्या टेबलवर जमवत आले. आणि गॉड लर्नर्सचा (ग्लोरँथातले, देवांच्या गोष्टींवर प्रयोग करणारे जादूगार) दाखला तुम्ही माझ्याविरुद्ध दिलात, तो मला माझ्याच बाजूचा वाटतो, कारण त्यांनी धान्याच्या दोन देवींची अदलाबदल करून बघितली तेव्हा कुणी अडवलं नाही, पण पिकं बुडाली आणि उपासमार झाली. जीएमनं नाही म्हणायची गरजच काय, जग वसूल करतंच की.

आता मी आधीच विचारतो, "काय गमवायला तयार आहेस?" आणि उत्तर कॅरॅक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) लिहून घेतो. फुकटात आग मिळालेला तो गडी पुढच्या सेशनला परत टेकडीवर जायचं म्हणतोय, यावेळी स्वतःहून आग सोडायला. झोराक झोरान ती घेईल की नाही, माझं अजून ठरत नाहीये.