पिल्लू समुद्रात सोडलं म्हणजे कासव वाचलं असं नाही

कासवाची पिल्लं समुद्रात सोडतानाचे व्हिडिओ परत फिरायला लागलेत, मलाही ते बघायला आवडतात, पण खाली "कासवं वाचली" असं लिहिलेलं दिसलं की राहवत नाही.

एका हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावर कासवाची अंडी आणून वाळूत पुरून राखतात त्या जागी, मी पाहिलंय, पिल्लं रात्रीच वाळूतून वर आली होती आणि लोक जमेपर्यंत टबात ठेवलेली. ती एक क्षण थांबत नव्हती, टबाच्या कडेला वल्ह्यासारखे पाय मारत होती, मारतच होती. ही ताकद त्यांना किनाऱ्याजवळच्या माशांपासून लांब पळायला दिलेली असते, आणि ती आपण फोटोसाठी टबात संपवतो! जीव तुटतो हो बघून.

हॅचरी नको असं मी अजिबात म्हणत नाहीये. जिथं कुत्री किंवा माणसं अंडी सोडतच नाहीत तिथं ती हवीच. पण काम नाजूक आहे, अंडी घातल्यावर काही तासांतच हलवावी लागतात कारण नंतर गर्भ वरच्या बाजूला कवचाला चिकटतो आणि अंडं फिरलं की आतलं पिल्लू मरतं. वाळू साधारण २९ अंशांच्या वर तापली तर माद्याच जास्त होतात, म्हणजे सावलीचाही विचार करायला लागतो. जमत असेल तर घरटं जागेवरच राखावं.

आणि नुसती अंडी राखून भागत नाही, हे मेक्सिकोत रांचो नुएवोच्या किनाऱ्यावर दिसलंय. १९४७ साली तिथं एका दिवसात केम्प्स रिडले जातीच्या कासवाच्या अंदाजे ४०,००० माद्या अंडी घालायला आल्या होत्या. १९६६ पासून अंड्यांवर पहारा बसला, तरी १९८५ ला घरटी उरली फक्त ७०२. कारण मोठी कासवं कोळंबीच्या ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून मरत होती, त्यांना श्वासाला वर यावंच लागतं ना. मग अमेरिकेनं ट्रॉलरना टेड सक्तीचं केलं, म्हणजे जाळ्यात गजांची जाळी आणि तिथंच वर किंवा खाली दार, कोळंबी मागं जाते, कासव बाहेर पडतं. पहारा आणि टेड दोन्ही मिळून घरटी पुन्हा हजारांत गेली.

सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे समुद्री कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, चांगलंच आहे, पण जाळ्यात मेलेलं कासव कुणी विकायला नेत नाही, ते परत पाण्यात फेकतात. आणि टेडचं दार माल जाईल म्हणून काही जण दोरीनं शिवून टाकतात. त्यामुळे तपासणी बंदरावर कागद बघून नको, समुद्रात जाऊन जाळं हातात घेऊन व्हायला हवी.