वीर्य घट्ट म्हणजे बीज चांगलं? आधी तपासा

गेवराईकडे दिलेल्या माझ्या मावसबहिणीला तिच्या सासूने मोबाईलवरचा एक मेसेज मोठ्याने वाचायला लावला. ‘परदेशी शास्त्रज्ञाने तीस वर्षं शुक्राणूंवर संशोधन करून सिद्ध केलंय,’ अशी त्याची सुरुवात. शास्त्रज्ञाचं नाव नाही, गाव नाही. पुढे असं: धडधाकट पुरुषात दोष नसतो, वीर्य घट्ट असलं की बीज चांगलं, म्हणून तपासणी बाईचीच करा, मुलीच होणं हा कुशीचा दोष, कढत पाण्याने अंघोळ टाळा, आणि अमुक चूर्णाने 21 दिवसांत बीज दुप्पट.

बहिणीच्या लग्नाला सहा वर्षं झाली. गर्भनलिकांची तपासणी दोनदा झाली, सोनोग्राफी किती वेळा ते तिलाच आठवत नाही. भाऊजींची एकदाही नाही. सासूचं म्हणणं, ‘पोराला काय झालंय, चांगला धडधाकट हाय की.’

‘घट्ट म्हणजे चांगलं’ यावर आधी बोलतो, कारण या एका वाक्याने माझ्या बहिणीची सहा वर्षं खाल्ली. वीर्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा. नसबंदी केलेल्या माणसाचं वीर्य दिसायला पहिल्यासारखंच असतं आणि त्यात शुक्राणू एकही नसतो. आपल्या गावागावांत नसबंदी झालेली माणसं आहेत, विचारा त्यांना. डोळ्याने आणि बोटाने बीज कळत नाही, त्याला सूक्ष्मदर्शकच लागतो. ताकद, दाढीमिशा, शरीरसंबंधातला जोर यांवरूनही कळत नाही.

आपण सोयाबीनचं घरचं बियाणं असंच पेरतो का? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवड्याने कोंब मोजतो, मगच तिफण धरतो. दाण्यासाठी एवढं करणारी माणसं पोराचा नमुना द्यायला लाजतात आणि सुनेला मात्र टेबलावर झोपवतात. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणाबरोबर. आणि सगळ्यात सोपी, स्वस्त, न दुखणारी तपासणी त्याचीच असते.

शुक्राणूंच्या अभ्यासाला आयुष्य देणारा शास्त्रज्ञ हवाच असेल तर खरा सांगतो. मिन चुए चांग. जन्म 1908 चा, चीनमधला. केंब्रिजला मेंढ्याच्या वीर्यावर काम केलं, 1945 मध्ये अमेरिकेला गेले. 1951 मध्ये सशांवरच्या प्रयोगात त्यांना दिसलं, की ताजे, छान पळणारे शुक्राणूसुद्धा लगेच अंड्यात शिरू शकत नाहीत. मादीच्या शरीरात काही तास राहिल्यावरच त्यांना ती क्षमता येते. ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन त्याच वर्षी स्वतंत्रपणे तिथेच पोचले. यालाच कपॅसिटेशन म्हणतात. मग 1959 मध्ये चांग यांनी मादीच्या गर्भाशयातून काढलेले, असे तयार झालेले शुक्राणू वापरून काचपात्रात अंडी फळवली, ती दुसऱ्या मादीत ठेवली आणि पिल्लं जन्मली. म्हणजे बाईच्या शरीराचा यात वाटा आहे, हे मला मान्य. पण तो वाटा बीजाला लायक करण्याचा आहे. यातून ‘पुरुषाला तपासू नका’ कसं निघतं?

गरम पाण्याचं अर्धं खरं आहे. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर ती बाहेर असतात. रोज तासन्‌तास भट्टीपाशी किंवा तापलेल्या इंजिनाजवळ काम करणाऱ्याने डॉक्टरांना ते जरूर सांगावं. पण बादलीभर कढत पाण्याने घराचा पाळणा रिकामा राहत नाही.

चूर्णाचं गणितच चुकतं. शुक्राणू घडायला सुमारे अडीच महिने लागतात, वर पक्व होऊन बाहेर पडायला एखाद-दोन आठवडे. आज कुठलंही औषध घेतलं तरी त्याचा पुरता परिणाम तीन महिन्यांनी दिसणार. 21 दिवसांत दुप्पट होतो तो विकणाऱ्याचा गल्ला.

मुलीचं तर 1905 पासून माहीत आहे. नेटी स्टीव्हन्स या बाईंनी किड्यांमध्ये दाखवलं, की लिंग शुक्राणूतल्या गुणसूत्रावर ठरतं. माणसातही एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा, आणि वाय फक्त बापाकडे असतो.

भाऊजी, हे तुम्ही वाचणार आहात म्हणून लिहितो. दोन ते सात दिवस संबंध टाळा, नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्या. घरून न्यायचा तर अंगाशी धरून तासाभरात पोचवा. आकडा कमी आला तर घाबरू नका, एका अहवालावर काही ठरत नाही, पुन्हा द्यावा लागतो. सोमवारी बीडला मी सोबत येतो. ताईला या खेपेला घरीच राहू द्या.