एफ१२ दाबलं की विमान उतरतं म्हणे!

घरी कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्या पुण्यातल्या सिम्युलेटरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "ही ऑटोहॉटकीची फाइल टाका. कुठलाही सिम्युलेटर चालेल. एफ१२ दाबा, १००० फुटांवर चाकं आणि फ्लॅप आपोआप खाली. जॉयस्टिकवर पैसे घालवू नका." ऑटोहॉटकी म्हणजे एक कळ दाबली की ठरवलेल्या कळा आपोआप दाबणारा प्रोग्राम. फ्लॅप म्हणजे उतरताना खाली करायच्या, पंखांच्या मागच्या पट्ट्या. फुकट म्हटल्यावर फॉरवर्ड होणारच.

"कुठलाही सिम्युलेटर" हे तर पहिल्याच कळेला गळून पडतं. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये 'बी' दाबली की अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) जुळतो, एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये ब्रेक लागतात. शिवाय ऑटोहॉटकी विंडोजपुरतीच. मॅकवर एक्स-प्लेन उडवणाऱ्यांनी काय करायचं?

"१००० फुटांवर आपोआप." अहो, ती फाइल नुसत्या कळा दाबते, उंची तिला कोण सांगणार? उंची वाचायची तर सिमकनेक्टशी (मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरशी माहितीची देवाणघेवाण करायची सोय) बोलणारा प्रोग्राम लागतो, एक्स-प्लेनमध्ये फ्लायविथलुआसारखं प्लगइन (सिम्युलेटरला जोडायचा छोटा प्रोग्राम). तिथेही गोम आहेच. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १९४० फुटांवर. मुंबईला समुद्रसपाटीपासूनचे १००० फूट धरून लिहिलेली अट इथे कधीच पुरी होणार नाही, विमान जमिनीत ९४० फूट गाडलं तरच होईल. जमिनीपासूनची उंची हा आकडा वेगळा मिळतो, तो घ्यायचा.

खरा घोळ चाकांचा. 'जी' ही कळ चाकं खाली करत नाही, उलटी करते: वर असतील तर खाली, खाली असतील तर वर. तुम्ही सावधपणे आधीच चाकं सोडलीत आणि मग एफ१२ दाबलंत, की धावपट्टी समोर दिसत असताना तीच चाकं पोटात जातात. सिमकनेक्टमध्ये 'खाली कर' असा स्वतंत्र आदेश आहे, तो कितीही वेळा दिला तरी चाकं खालीच राहतात. फ्लॅपचंही तसंच. मायक्रोसॉफ्टमध्ये फ्लॅप एकेक पायरी उतरवणारं एफ७ तीनदा दाबलं की छोट्या सेसना १७२चे फ्लॅप पूर्ण उतरतात, एअरबस ए३२०चे मात्र '३' या पायरीवर थांबतात, 'फुल' राहूनच जातं. आणि मधेच मेसेज बघायला विंडो बदललीत, तर त्या साऱ्या कळा त्या चॅटमध्ये टाइप होतात!

"जॉयस्टिक नको." महागडं योक (खऱ्या विमानासारखं स्टिअरिंग) नको, इतपत मान्य. पण कळ एकतर दाबलेली असते नाहीतर सुटलेली. धावपट्टीला टेकताना नाक हळूहळू उचलायचं असतं, ते हिच्याकडून होत नाही. साधी जुनी जॉयस्टिकही चालेल.

मॅक्रो, म्हणजे अशा आपोआप कळा दाबणाऱ्या फाइली, टाकूच नका असं नाही. कॅमेरा बदलणं, नकाशा उघडणं, पॉज, अशा चुकून दाबल्या तरी विमान न पाडणाऱ्या कामांना ते झकास. कळ दाबून ५० मिलिसेकंद धरून ठेवा, नाहीतर सिम्युलेटर कधीकधी दखलच घेत नाही. वेगळी बटणं हवी असतील तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत पुश बटणं घ्या, सोबत ती कॉम्प्युटरला जोडणारा छोटा सर्किट बोर्ड, आर्डुइनो लिओनार्डो. आर्डुइनोचाच उनो आर३ नको, लिओनार्डो थेट कीबोर्ड म्हणून ओळखला जातो, उनो आर३ला त्यासाठी वेगळी खटपट करावी लागते.