रुंद टायर, मोठी रिम आणि घोडबंदर रोड

जून जवळ आला की ठाणे-नवी मुंबईतल्या फोर बाय फोरवाल्यांच्या, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाड्यांच्या मालकांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: ‘थार, जिमनी, गुरखा घेतली की आधी कंपनीचे टायर काढून टाका, ते नुसते रस्त्याचे. मोठी अलॉय आणि मोठे, रुंद मड टायर टाका. टायर जितका रुंद तितकी पकड जास्त. पावसात मड टायरला तोड नाही. हवा कायम थोडी कमीच ठेवा. आरटीओचं टेन्शन नको, सगळेच बदलतात.’

शेवटचं वाक्य सोडलं तर यातल्या बहुतेक सल्ल्यांना कुठे ना कुठे आधार आहे. फक्त तो घोडबंदर रोडच्या कासारवडवली ते माजिवडा या पट्ट्यात सापडत नाही, आणि या गाड्या बहुतेक दिवस तिथेच, नाहीतर ठाणे-बेलापूर रोडवर रांगेत उभ्या असतात. रविवारी फार तर मुरबाडवरून माळशेज, किंवा कर्जतकडचा एखादा कच्चा रस्ता. येऊरचं नाव काढू नका. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे डांबर सोडून गाडी घातली तर गाठ वनखात्याशी आहे.

‘कंपनीचे टायर नुसते रस्त्याचे.’ जिमनीबद्दल हे बरंचसं मान्य, तिचे मूळ टायर हायवेकडे झुकलेले आहेत. नवी थार मात्र २०२० साली आली तीच ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या, टायरवर. शोरूममधून निघाल्या निघाल्या ते काढणाऱ्याचं भलं होत नाही. जुने ‘एक्स्चेंज’मध्ये घेऊन पुढे विकणाऱ्या दुकानदाराचं होतं.

‘मोठी अलॉय टाका.’ अलॉय म्हणजे मिश्रधातूची रिम, आणि इथे मेसेज सरळ उलटा आहे. थारच्या महागड्या एलएक्सला २५५/६५ आर १८ टायर होता, साध्या एएक्सला २४५/७५ आर १६. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या भिंतीची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबरी बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. हिशेब केला तर १८ इंची चाकाची भिंत साधारण १६६ मिलिमीटर, १६ इंचीची १८४. दगडावर किंवा खड्ड्यात दणका सोसते ती ही भिंत. हवा कमी केल्यावर पसरून दगडाला लपेटते तीही हीच. म्हणजे डांबर सोडल्यावर स्वस्त मॉडेलचं चाक जास्त कामाचं. तरी लोक पैसे मोजून २० इंची रिम घालतात, भिंत बोटभर उरते, आणि गायमुखच्या उतारावर पहिल्या पावसातला खड्डा थेट रिमला भेटतो. लोखंडी रिम वाकली तर बहुधा ठोकून सरळ होते, ओतीव अलॉयला तडा गेला की विषय संपला. दिसायला २० इंची चाक झकास दिसतं, यावर वाद नाही. चाकं बाहेर काढणारे स्पेसर तर नकोतच, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं.

आता रुंदी. टायरचा जमिनीला टेकणारा भाग ठरतो मुख्यतः चाकावरच्या वजनावर आणि आतल्या हवेच्या दाबावर. थारचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास, म्हणजे एका चाकावर साधारण ४४० किलो. ३० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला की २०० चौरस सेंटिमीटरच्या जवळपास उत्तर येतं, आणि या भागाकारात रुंदी कुठेच नाही. भिंतीच्या कडकपणाने थोडा फरक पडतो, पण ढोबळ गणित हेच. रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो, इतकंच. खोल वाळूत आडवा ठसा तरंगायला उपयोगी पडतो हे खरं. पण आपल्याकडे वाळू म्हणजे समुद्रकिनारा, आणि तिथे गाडी रुतली की भरती आणि पोलीस दोघंही येतात. मुरबाड-कर्जतच्या कच्च्या रस्त्यांवर पावसाळ्यात वर वीतभर राड आणि खाली कडक मुरूम असतो. तिथे अरुंद टायर राड कापून खाली टेकतो, रुंद वरच घसरत राहतो. जिमनी १९५च्या टायरवर जिथून निघून जाते तिथे २८५वाली गाडी गुरगुरत उभी राहते, ती यामुळेच.

‘पावसात मड टायरला तोड नाही.’ चिखलात नाही, खरंच नाही. त्याच्या मोठ्या खाचा चाक फिरताना चिकणमाती झटकून देतात, ऑल टेरेनच्या खाचा तिने भरून जातात. पण पाऊस आणि चिखल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्या डांबरावर किंवा काँक्रीटवर ब्रेक लावताना रबर रस्त्याला टेकलेलं हवं, आणि मड टायरमध्ये खाचांनीच जागा खाल्लेली असते. उरलेले ठोकळे उंच, ब्रेक दाबला की दुमडतात. ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात त्या ओल्या रस्त्यावर पकड देतात, आणि मड टायरवर त्याच कमी. पाम बीच रोडवर पुढच्या रिक्षाने अचानक थांबायचं ठरवलं तर कामाला येतात त्या या चिरा. शिवाय ८०च्या वर केबिनमध्ये घोंगावणारा आवाज आणि पेट्रोलचा खर्च आहेतच. कंपनीच्याच मापाचा चांगला ऑल टेरेन इथल्या बहुतेकांना पुरतो. घेताना भिंतीवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. ‘ऑफर’मधला टायर बरेचदा गोदामात म्हातारा झालेला असतो.

हवेबद्दलचा सल्ला या मेसेजमधली सगळ्यात मौल्यवान गोष्ट होऊ शकली असती, एका ‘कायम’ने ती घातक केली. कच्च्या रस्त्यावर १८-२० पीएसआयला आणलेला साधा टायर पूर्ण फुगवलेल्या महागड्या टायरला मागे टाकतो. पण डांबर लागलं की हवा परत भरायची. कमी हवेत भिंत सतत दुमडते, तापते, फुटू शकते. पाण्यावर तरंगण्याचा धोकाही वाढतो. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६३ साली विमानांच्या टायरवरून एक ढोबळ सूत्र मांडलं, त्यात टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळासोबत बदलतो. त्या हिशेबाने ३२ पीएसआयला ताशी सुमारे ९४ किलोमीटर, २० पीएसआयला सुमारे ७५. गाडीच्या टायरला हे आकडे काटेकोर लागू नाहीत, दिशा मात्र स्पष्ट आहे. रिमचे पैसे वाचवून बारा व्होल्टचा बरा कंप्रेसर घ्या. योग्य दाब ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर छापलेला असतो.

मोठं माप घेणारे स्टेपनी विसरतात. थार, जिमनी, गुरखा तिन्हींत फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल मधे नाही. जिमनीला चार टायर २३५/७५ आर १५ आणि दारावर जुनी १९५/८०ची स्टेपनी असेल तर व्यासात ४० मिलिमीटरचा फरक पडतो, आणि ती लावून फोर बाय फोर वापरलं तर ताण थेट दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर. म्हणजे पाच टायर घ्या, वर दाराच्या बिजागऱ्यांवर जादा वजन. या सगळ्यातून जमिनीपासूनची उंची वाढते २० मिलिमीटर. बदल्यात गिअरिंग जवळपास सहा टक्क्यांनी लांबतं, म्हणजे गाडीची ओढ कमी होते, आणि जिमनीकडे आधीच जेमतेम १३४ न्यूटन मीटर टॉर्क आहे. स्पीडोमीटरही तेवढाच मागे पडतो.

राहिला आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, असं म्हटलं. नाक्यावरचा हवालदार टायरचं माप वाचत बसणार नाही, कबूल. अपघातानंतर येणारा विम्याचा सर्व्हेअर वाचतो, आणि मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं त्याला फोटोतही दिसतात.