एक डोळा मऊ (धूसर) आला म्हणून लेन्स खराब नसते

मराठवाड्यातल्या लग्नाच्या फोटोग्राफर मंडळींत मेसेज फिरतोय: १.८ अपर्चरवर (लेन्सचं छिद्र खूप उघडं ठेवून) नवरीचा एकच डोळा शार्प आला, तर लेन्स खराब. हे चूक आहे. कृपा करून चांगली लेन्स मातीमोल विकू नका. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएम लेन्स, अपर्चर १.८ आणि अंतर १ मीटर असेल, तर शार्प पट्टा जेमतेम ४ सेंटीमीटरचा. मान जरा वळली की दुसरा डोळा त्याबाहेर जातो.

तपासायचंच तर ट्रायपॉड लावा. संभाजीनगरच्या पाणचक्कीसारखी दगडी भिंत घ्या, कॅमेरा तिला समांतर ठेवा, २ सेकंदांचा टायमर लावा. डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) एकदा व्ह्यूफाइंडरने, म्हणजे डोळा लावून, एकदा लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, फोकस करा. फक्त लाइव्ह व्ह्यूचा शार्प आला, तर काच ठीक, ऑटोफोकसची जुळणी हललीय. बऱ्याच कॅमेरा बॉडींत ती मेनूतूनच सुधारते. दोन्ही मऊ, तेही अपर्चर ४ वर, तरच दुकान गाठा.