आउटबॅकमध्ये पाण्याचा हिशोब पळण्याचा नको, लंगडत परतण्याचा करा

ऑस्ट्रेलियात जूनच्या सुमारास थंडी सुरू झाली की मेलबर्न-सिडनीच्या मराठी धावपटूंचे मेसेज इथे आउटबॅकमध्ये, म्हणजे देशाच्या निर्जन अंतर्भागात, येऊ लागतात. ॲलिस स्प्रिंग्सला येतोय, लारापिंटा ट्रेलवर पळायचंय, एनर्जी जेल किती आणू, शूज कोणते चालतील? दमछाकीचा प्रश्नच नसतो, यातली बरीच मंडळी कॉम्रेड्स ही दक्षिण आफ्रिकेतली लांब पल्ल्याची शर्यत करून आलेली असतात.

माझं मत जरा उलटं आहे. निर्जन मुलखात पळणारा हा चालणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, आणि जितका तयारीचा तितका जास्त. चालणाऱ्याच्या पाठीवर तंबू, स्लीपिंग बॅग, दिवसभराचं पाणी असतं. पळणारा दीड लिटरची पिशवी अडकवून निघतो आणि तीन तासांत वीस किलोमीटर आत पोचतो. लारापिंटाची वाट सुमारे २३० किलोमीटरची, त्यात बराचसा भाग क्वार्टझाइटच्या टोकदार, हलत्या दगडांचा. तिथे घोटा मुरगळला की तेच वीस किलोमीटर परत यायला आठ-दहा तास लागतात. पाणी मात्र तीन तासांचं. वाटेवर टाक्या आहेत, पण त्यांच्यात दिवसभराच्या चालीचं अंतर असू शकतं. त्यात जुलैची, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली, दुपार इतकी छान असते की जॅकेट हॉटेलवरच राहतं. ऊन उतरलं की पारा झपाट्याने खाली येतो, पहाटे शून्याखालीही जातो, आणि अंगात घामाने ओला टी-शर्ट.

उन्हाळ्यात तर चाळिशी पार होते. तेव्हा पळूच नका, एवढंच म्हणेन.

‘आयोजित रेस असेल तर काळजी नाही’ हेही मला पटत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीत १०० किलोमीटरची शर्यत होती. एका घळीत धावपटू वणव्यात सापडले. टुरिया पिट आणि केट सँडरसन या दोघी भयंकर भाजल्या, आणि हेलिकॉप्टर पोचेपर्यंत त्यांना काही तास तिथेच काढावे लागले. पुढे राज्याच्या संसदेच्या समितीने चौकशी केली आणि धोके ओळखून ते कमी करण्यासाठी आयोजकांनी शक्य ते सगळं केलं नव्हतं, असं २०१२ च्या अहवालात नोंदवलं. छातीवर बिब नंबर लागला की आपण विचार करायचं काम दुसऱ्यावर सोपवतो. स्पिनिफेक्स गवतात राळ असते, ते भडाभडा पेटतं. वाऱ्याची दिशा आणि आगीची सूचना बघून निघणं हे आपलंही काम आहे.

मोबाइलवर भिस्त ठेवू नका. गाव आणि हायवे सोडला की रेंज जाते, मग ट्रिपल झिरो, म्हणजे इथला आपत्कालीन नंबर, फिरवणार कसा? पीएलबी, म्हणजे खिशात मावणारा बीकन, घ्या, भाड्यानेही मिळतो. तो उपग्रहामार्फत थेट कॅनबेराच्या बचाव केंद्राला संदेश देतो आणि त्याची बॅटरी किमान २४ तास चालते. चालू केल्यावर जागा सोडू नका. स्ट्रावा या धावपटूंच्या ॲपवर रूट टाकून ‘सगळ्यांना माहीत आहे’ असं समजणारे भेटतात, त्यांचं मला नवल वाटतं. एका माणसाला सांगा: अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव.

साप चावला तर पळत गाडी गाठायची, हा आपला पहिला विचार. तेच करायचं नाही. विष लसिकेतून (लिम्फमधून) पसरतं आणि स्नायू हलले की पुढे ढकललं जातं. चावा धुवू नका, कातडीवरच्या विषावरून पुढे तपासणी करता येते. पूर्ण पायाला रुंद इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळा, काठी बांधून पाय स्थिर करा आणि बीकन दाबून पडून राहा. दोन बँडेजचं वजन ते किती! तरी दहातल्या नऊ जणांच्या पिशवीत ती नसतात आणि जेल मात्र आठ असतात.

नुसतं पाणीच ढोसत राहणंही वाईट, रक्तातलं सोडियम घसरतं. तहानेप्रमाणे प्या, खारं काहीतरी खात राहा.

डिंगो या इथल्या रानकुत्र्यांबद्दल सगळे विचारतात. ट्रेलवर खरा छळ माश्यांचा, डोक्यावरची जाळी आणा. आणि बीकन विकत घेतलात तर त्याची नोंदणी निघण्याआधीच ऑनलाइन करा. फुकट आहे, आणि तिथे या खेपेचा मार्ग, तारखा आणि गाडीचा नंबरही टाकता येतो.